तुमची नक्कल तेवढी राहिली

वन्सं, काल तुमचा दहावा झाला.

माळेगावहून टेम्पो भरून माणसं आली. एमआयडीसीतली पोरं रजा टाकून मोटारसायकलवर आली. त्यातलाच एक, चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "वैनी, नयनाताई तर मुंबईच्या. मग दहावा शेळगावात कसा काय ठेवला?" मला त्याही वेळी हसू फुटलं बघा. म्हटलं, "बाबा, ती हितलीच. ती समोरची चूल दिसती का, तिथं भाकरी थापायची." त्याचा विश्वास बसेना. तो चुलीकडंच बघत उभा राहिला.

आणि चौकातला फळा! त्यावर कुणीतरी खडूनं सुबक अक्षरात लिहिलंय, 'कै. कु. नयना मुंबईकर यांना भावपूर्ण श्रद्धांजली. समस्त ग्रामस्थ.' कै. पण आणि कु. पण. लग्न होऊन, नांदून, नवऱ्यानं घालवून दिलेली बाई मेल्यावरसुद्धा कुमारीच. तुम्ही असत्या तर पोट धरून हसल्या असत्या. मी हसले नाही. मला राग आला, आणि तो कुणाचा ते कळेना. ज्या गावात तुम्हाला स्वतःचं नाव पाहिजे होतं, त्या गावानं सगळं ठाऊक असून, गाजलेलं तेच म्हणून, तुम्हाला खोट्या नावानं निरोप दिला, आणि तोही मनापासून दिला. आता भांडू कुणाशी? घरी येऊन तुमच्या खोलीत बसले आणि दार लावून घेतलं.

हे लिहितानाही माझ्या हातून 'आहे' न् 'नाही'च येतंय. तुम्ही त्यावरून किती छळायच्या मला! बारामतीची धाकटी लेक, दहावी झालेली, अंगणवाडीत मुलांना शिकवते, म्हणून तुमच्या घरात आल्यापासून मला 'आहे-बाई' म्हणायच्या. "आमची वैनी बगा, सपनातसुद्धा 'आहे' म्हणती." आणि गंमत ही की रंगमंचावर तुम्हीच 'आहे' म्हणायच्या, आणि ते माझ्यापेक्षा साफ म्हणायच्या. घरी आलं की चप्पल काढायच्या तसं ते दारात काढून ठेवायच्या.

आपल्याकडचा रिवाजच तसा. गावातल्या बाप्यांनी नाटक बसवायचं, जत्रेला करायचं, सगळी कामं त्यांनीच वाटून घ्यायची, आणि बाईच्या कामाला बाहेरून नटी ठरवायची. गावची बाई गावच्या नाटकात उभी राहत नाही. नटी बाहेरचीच पाहिजे, आणि जितक्या लांबची असेल तितकी गावाची कॉलर ताठ. नवऱ्याकडून परत आल्यावर तुम्ही बारामतीत ड्रेपरीच्या दुकानात शिवणकामाला लागल्या. नाटकवाल्यांना पडदे, शालू, मिशा भाड्यानं देणारं दुकान. एकदा कुठलीशी नटी आली नाही, गावकरी दुकानात येऊन डोक्याला हात लावून बसले, आणि ड्रेपरीवाल्या अण्णांनी तुमच्याकडं बोट दाखवलं. "ही घेऊन जावा. मुंबईची हाय." तुम्ही तेव्हा दातात दोरा धरून शालूला काठ लावत होता. नाव काय, असं गावकऱ्यांनी विचारलं, तर समोर कपाटावर काजळाची डबी होती, तिच्यावर 'नयन' लिहिलेलं. झाल्या तुम्ही कु. नयना मुंबईकर!

मुंबई काही तुम्ही पाहिली नव्हती. पण ते नाव तुम्ही निभावलं. शेळगावहून एसटीनं बारामतीला यायच्या, स्टँडवर उतरून तोंड धुवायच्या, साडी नीट करायच्या आणि मुंबईची गाडी लागते त्या फलाटावर जाऊन उभ्या राहायच्या. गाडी आली, माणसं उतरायला लागली, की त्या गर्दीत शिरून पुन्हा बाहेर यायच्या, कपाळाला रुमाल लावत. न्यायला आलेली मंडळी धावत यायची. "प्रवासाचा लई तरास झाला आसंल." तुम्ही म्हणायच्या, "सवय आहे हो." मी एकदा तुमच्याबरोबर होते. मला हसू आवरेना, तर तुम्ही मला चिमटा काढला आणि त्या लोकांना सांगितलं, "या माझ्या सेक्रेटरी." त्या लोकांनी मला सुद्धा खुर्ची दिली.

तुमच्यामुळं मी खुर्चीवर बसले, वन्सं. माझ्या माहेरच्या बायकांपैकी कुणी बसलं नसेल अशा ठिकाणी बसले. विंगेत बसले, हातात पुस्तक धरून, कुणी अडखळलं तर हळूच शब्द सांगायला. पडद्याच्या मागं तो रंगाचा, घामाचा, पेट्रोमॅक्सचा वास. तुम्ही एन्ट्रीच्या आधी माझ्या दंडाला हात लावायच्या. हात बर्फासारखा गार असायचा, आणि पुढच्या क्षणी बाहेर जाऊन अशा बोलायच्या की हजार माणसं गप्प.

पण ती नाटकं! तुम्हाला ती आवडेनात. तिसऱ्या अंकात बाईनं रडायचं, पाया पडायचं आणि मरायचं. किती गावांत मेल्या असाल तुम्ही! मग हळूहळू तुम्ही वाक्यं बदलायला लागल्या. एका गावात हिरोच्या पाया पडायचं होतं, तर तुम्ही वाकल्या, त्याच्या पायाजवळची पडलेली टोपी उचलली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही सांभाळ. मी माझी सांभाळीन." हिरो होते माळेगावच्या कारखान्यावर उसाच्या वजनाचा काटा बघणारे तात्या. त्यांची पंचाईत झाली, पुढचं वाक्य काय बोलावं ते सुचेना. माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगणार, पुस्तकात ते नव्हतंच! आणि टाळ्या थांबेनात. तात्या नंतर चिडून म्हणाले, "नयनाबाई, तुमी बोलताय लिवल्यापेक्षा बेस. मग लिवा की सगळंच!"

तिथून तुमचं लिहिणं सुरू झालं. लिहिणं म्हणजे तुम्ही बोलायचं आणि मी लिहायचं. तुम्हाला बसून लिहिता येत नव्हतं. अक्षर येत होतं, पण बसलं की तुमचं डोकं बंद पडायचं. जनावरांना वैरण टाकताना, ज्वारी निवडताना तुम्ही सगळ्यांची बोलणी बोलायच्या, बापाचा आवाज, सासूचा आवाज, फौजदाराचा आवाज, आणि मी उंबऱ्यावर बसून उतरवायची. मी 'आहे' लिहिलं की तुम्ही मागून बघायच्या. "खोड ते. मेंढरामागं जानारी बाई 'आहे' म्हनंल व्हय?" मी म्हणायची, "वन्सं, छापील नाटकात असंच असतं." तुम्ही म्हणायच्या, "म्हनूनच मेली ती समदी." हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मला अजूनही वाटतं की थोडं 'आहे' चाललं असतं. सांगा ना वन्सं, फौजदाराला तरी चाललं असतं का नाही?

ते पहिलं नाटक माळेगावच्या पोरांना दिलं. सगळ्यांच्या नकला मीच उतरवल्या. नक्कल म्हणजे ज्यानं त्यानं पाठ करायचं आपापलं बोलणं, वेगळ्या कागदावर काढलेलं. सगळं नाटक प्रत्येकाला कशाला लिहून द्यायचं, कोण एवढा कागद नासणार? म्हणून ज्याचं त्याला. फक्त आपण कधी बोलायचं ते कळावं म्हणून आधीच्या माणसाच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द वर लिहायचे. आपण त्याला शेपूट म्हणायचो. नाटक दणक्यात झालं. लेखक म्हणून माइकवर मंडळाच्या अध्यक्षाचं नाव पुकारलं, ते तुम्ही गिळलं. पण पुढच्या जत्रेला तेच नाटक त्यांनी पुन्हा लावलं आणि दुसरीच नटी ठरवली. नक्कल तयार होतीच ना! तुम्ही आणि मी पदर डोक्यावर घेऊन बायकांत बसून ते बघितलं. ती बाई तुमची वाक्यं बोलत होती, तुम्ही जिथं थांबायच्या तिथंच थांबत होती. एसटीत बसल्यावर म्हणाल्या, "वैनी, ह्याच्या म्होरं माझी नक्कल कागदावर उतरवायची न्हाय." मी म्हटलं, रागाच्या भरात बोलताय. पण तुम्ही ते पाळलं.

आणि मग 'वाघर' आलं.

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, हे आता आपल्या पोरांनाही सांगावं लागतं. सासूबाई गेल्या, त्यांच्या आधी मेंढरं गेली, कॅनॉलच्या पाण्यावर ऊस आला, आणि त्यांची वाघर आपण कडब्याच्या गंजीवर टाकतो. तुम्ही एक दिवस ती गंजीवरून ओढून काढली, अंगणात पसरली आणि तिच्या मधोमध उभ्या राहिल्या. "वैनी, कागद आन." ते नाटक सासूबाईंचं होतं आणि तुमचंही होतं. हिरा नावाची पोर, नवऱ्यानं टाकलेली, आईच्या कळपाबरोबर रानोमाळ फिरणारी, आणि तिला घरात आणून बसवायला निघालेला तिचा थोरला भाऊ. शेवटी आई मरते, मेंढरं विकली जातात, जाळीत एकटी हिरा उरते, आणि भाऊ जाळीच्या बाहेरून तिला हाक मारतो. असं नाटक मी कुठं ऐकलं नव्हतं. लिहिता लिहिता माझा हात थांबायचा, तर तुम्ही ओरडायच्या, "रडतीस काय, लिव!"

भावाची नक्कल झाली, आईची झाली, नवऱ्याची, व्यापाऱ्याची, सगळ्यांच्या झाल्या. हिराची नाही. मी किती वेळा म्हटलं, मी कुणाला दाखवणार नाही, ट्रंकेत ठेवते, पण सांगा. तुम्ही हसायच्या. "माझी मला पाठ हाय. कागूद झाला की दुसरी कुनीबी हुबी ऱ्हाती."

दुसरी कुणी कशाला उभी राहील, पण तुम्हाला हे नाटक पहिलं शेळगावातच करायचं होतं. आपल्या जत्रेला, आपल्या देवळासमोर. आणि नयना मुंबईकर म्हणून नाही. माइकवर पुकारायचं, लेखिका आणि हिराच्या भूमिकेत, सुंद्रा, आणि पुढं आपलं आडनाव. बस्स, एवढंच मागणं होतं तुमचं. गावातली पोरं तयार झाली, ग्रामपंचायतीत कुणाची ना नव्हती. तुमच्या भावाची होती.

ते भांडण मी दारात उभी राहून ऐकलं. हे नुकतेच उसाची खेप टाकून आले होते, ट्रॅक्टर अजून सुरूच होता. म्हणाले, "सुंदे, तू मुंबईकर म्हनून गावोगाव फिरतीस, मी डोळं झाकलं. पर आपल्या गावात, आपल्या नावानं तोंडाला रंग लावून हुबी ऱ्हायलीस, तर मला चावडीवर बसायला जागा ऱ्हायची न्हाय."

तुम्ही म्हणाल्या, "मग काय मुंबईकर म्हनून हुबी राहू? हितं? ज्या गावानं मला शेंबडी बघितली, त्या गावात?"

"हुबीच ऱ्हाऊ नगंस."

"दादा, त्यात आई हाय रं. एकदा आयकून तर बग."

"आई मेली. तिला कशाला जत्रत नाचिवतीस?"

मला वाटलं, तुम्ही आता पिशवी भरून निघणार. तुम्ही चुलीपाशी गेल्या आणि त्यांना जेवायला वाढलं. ते जेवले. ट्रॅक्टर बंद करायला कुणी गेलंच नाही, तो बाहेर तसाच धडधडत राहिला.

त्या दिवसापासून तुम्ही थांबून राहिल्या. माळेगावच्या तात्यांनी किती विनवण्या केल्या, "नयनाबाई, आमच्याकडं करा, तुमच्या खऱ्या नावानं करा, मी सवता पुकारतो." नाही म्हणजे नाही. "पयलं शेळगावात. आज न्हाय तर म्होरच्या जत्रंला दादा व्हय म्हनंल." दर जत्रेला तुम्ही त्यांच्या तोंडाकडं बघायच्या, हे नारळ फोडून परत यायचे, आणि विषय निघायचा नाही. तोवर घरोघरी टीव्ही आले, जत्रेत व्हिडिओ दाखवायला लागले, नटी ठरवणारी गावं कमी झाली. तुम्ही गोठ्यात हिराचं बोलणं बोलत राहिल्या. मी भाकरी थापताना ऐकायची. आणि दर वेळी ते वेगळं असायचं! एक दिवस हिरा आईवर रागावलेली, दुसऱ्या दिवशी तीच आईचे पाय चेपतेय. मी म्हणायची, "वन्सं, काल असं नव्हतं." "काल काल हुता."

शेवटावरून तर आपलं रोजचं वाजायचं. भाऊ म्हणतो, हिरे, थांब, घरी चल. मी म्हणायची, तिनं घरी जावं. जाळीत एकटी बाई किती दिवस काढणार? माणसाला घर लागतं. तुम्ही म्हणायच्या, "वैनी, तू घर बगितलंयास, मी वाघर बगितली." मग ती जाते की नाही, ते सांगा की! तुम्ही वैरणीचा हात झटकायच्या. "हुबी ऱ्हायले की तोंडातनं ईल." एवढ्या वेळा सगळं बोललात, तो शेवट तुम्ही एकदाही बोलल्या नाहीत. माझ्यापुढं सुद्धा नाही. का हो वन्सं? मी तुमच्या भावाची बायको म्हणून? तुम्हाला वाटलं असेल की मी घरात जाऊन सांगेन? विचारायला पाहिजे होतं. तुम्ही रोज समोर होत्या, मी विचारलं नाही.

मग पोटातली ती गाठ निघाली. बारामतीच्या डॉक्टरांनी कागद हातात दिले आणि मुंबईला न्या म्हणाले. आपण तिघं स्टँडवर गेलो. तोच फलाट, तीच गाडी, जिच्यातून उतरल्याचं नाटक तुम्ही इतकी वर्षं केलं. ह्यांनी तुम्हाला दंडाला धरून वर चढवलं. तुम्ही पायरीवर थांबून मागं वळून माझ्याकडं बघितलं. "वैनी, आज सोंग न्हाय." मी हसायचा प्रयत्न केला. मला ते काही जमलं नाही.

मुंबई म्हणून तुम्हाला काय दिसलं? एक जिना, एक वॉर्ड, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. पहिल्याच सकाळी वॉर्डातल्या मावशीनं दारातून मोठ्यानं पुकारलं. तुमचं नाव, बापाचं नाव, आडनाव, मुक्काम शेळगाव, तालुका इंदापूर. सगळ्या वॉर्डभर ऐकू गेलं. तुम्ही आडव्या होता, उठून बसायची ताकद नव्हती. पण उठल्या. केसावरून हात फिरवला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आले!" बाकीच्या बायका बघायला लागल्या. आणि मला म्हणाल्या, "आयकलंस? मुंबईत माझं खरं नाव पुकारलं."

हे तिथंच होते, स्टुलावर, हातात मोसंबं. त्यांचं सोलणं थांबलं.

वन्सं, त्या माणसाला मी इतकी वर्षं ओळखते, पण त्या मोसंब्यावरचे त्यांचे हात मला ओळखू येईनात. मग खाली बघतच म्हणाले, "बरी हो. म्होरच्या जत्रंला कर तुजं ते. आपल्या नावानं कर."

तुमचा चेहरा! देवा, मी तो चेहरा कुठं ठेवू? "म्हनला न्हवं? वैनी, तू साक्षीला हायस." मी म्हटलं, हाय, हाय. आणि ते चहा आणायला खाली गेले तसा मी पिशवीतून कागद काढला. मला डॉक्टर जे बोलले होते ते माहीत होतं, तुम्हाला नव्हतं. मी म्हटलं, "वन्सं, आता तरी हिराची नक्कल सांगा. नुसत्या पडून आहात तर सांगा की. मी लिहिते." माझा आवाज कापत होता. तुम्हाला तो कळला नसेल असं नाही. तुमच्याएवढं आवाज ओळखणारं कोण होतं?

तुम्ही माझ्या हातातला कागद घेतला, घडी केली आणि उशीखाली ठेवला. "आता तर न्हायच. दादा व्हय म्हनलाय. आता मीच हुबी ऱ्हानार."

ते हो म्हणाले नसते, तर तुम्ही कदाचित सांगितलं असतं. हे मी कुणापुढं बोलत नाही, पण रोज डोक्यात येतं. इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी तुम्ही थांबल्या, तोच आला आणि त्यानंच सगळं नेलं. पुढच्या जत्रेची गोष्ट तुम्ही त्या खाटेवर पडून रोज करत होता, पडदा कसला, वाघर कशी टांगायची, आईच्या कामाला तात्यांनाच लुगडं नेसवू. आणि एका दुपारी, ह्यांनी पाणी पाजायला मान उचलली, तर मान जड लागली.

म्हणून मी तुमच्यावर रागावलेय, वन्सं. तुमच्यासाठी रडते आणि तुमच्यावर रागावते, दोन्ही एकदमच होतं. काय बिघडलं असतं सांगितलं असतं तर? दुसरी बाई उभी राहिली असती, तर राहू दे की! तुमचं बोलणं तर राहिलं असतं.

आज सकाळी गावातली पोरं आली. तुमच्या आठवणीला 'वाघर' करायचं म्हणाली, ह्याच जत्रेला, खऱ्या नावानं. "हिराच्या कामाला मुंबईची नटी ठरवू." मुंबईची! मग ट्रंक उघडून नकला काढल्या आणि त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांना आधी कळेना. एकजण पानं चाळून म्हणाला, "वैनी, ह्यात हिराचं कुठंय?" मी म्हटलं, "नाही." म्हणाला, "तुमाला पाठ आसंल की. तुमीच लिवलंय."

मलाही तसंच वाटत होतं. पोरं गेल्यावर मी बसले उतरवायला. दुसऱ्यांच्या नकलांतून तुमची शेपटं तेवढी हाताला लागली. '...मला ठावं न्हाय.' '...म्हनून आले.' '...आई, ऊठ की.' '...तुज्या घरात उजेड हाय, पर.' पर काय? त्याच्या आधी तुम्ही काय बोलायच्या, कितीतरी बोलायच्या, मी पिठाच्या हातानं ऐकत असायची. मला तुमचा आवाज येतो. शब्द येत नाहीत. दोन ओळी लिहिल्या, वाचल्या, तर त्या माझ्याच होत्या, त्यात 'आहे' होतं. फाडून टाकल्या. आणि शेवटच्या बोलण्याला तर शेपूटसुद्धा नाही. तुमच्यानंतर कुणी बोलायचंच नव्हतं, मग ते कुणाच्या नकलेत लिहिणार?

दुपारी हे रानातून लवकर आले. पाय धुतले नाहीत, तसेच आत आले आणि म्हणाले, "भावाचं जे काय हाय ते दे मला."

मी दिलं. ह्यांना वाचायची सवय नाही. खाली फरशीवर बसून, एकेका ओळीवर बोट ठेवून, मोठ्यानं वाचत गेले. मी कांदा चिरत होते, तो हातात तसाच राहिला. इतकी वर्षं ज्याला ऐकायचंसुद्धा नव्हतं, ते त्यांच्याच तोंडून घरभर व्हायला लागलं. आईवर ओरडले. व्यापाऱ्याशी भाव ठरवला. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "हे तर मी म्हनलेलं हाय." मी म्हटलं, "व्हय." पुन्हा वाचायला लागले. शेवटचं पान आलं. शेवटची ओळ आली.

"हिरे, थांब. घरी चल."

पान उलटलं. मागं कोरं होतं. पुन्हा पुढं केलं. या वेळी कागदाकडं न बघता, तुमच्या खोलीच्या दाराकडं बघून म्हणाले, "सुंदे, थांब. घरी चल."

मी विंगेत बसणारी बाई, अडलेल्या माणसाला शब्द देणारी. माझ्याजवळ एकही शब्द नव्हता.

"म्होरं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"म्होरं तुमचं काय न्हाय," मी म्हटलं. "म्होरं वन्संनी बोलायचं हाय."

ऊन अंगणातून गेलं, मी हे लिहायला बसले, आणि ते अजून तिथंच बसलेत, कागद हातात धरून, तुमच्या दाराकडं बघत. बोला की, वन्सं.